पू तपासणीच्या अहवालाला तीन दिवस का लागतात?

जखमेतील पुवाच्या तपासणीला तीन दिवस लागतात, यावर या चर्चेत एका सदस्यांनी नाराजी व्यक्त केली आहे. बेळगावातील एका प्रयोगशाळेत मी हेच काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. नमुन्यातले जंतू पोषकद्रव्याच्या बशीत वाढायलाच साधारण एक दिवस जातो. मग त्यांची ओळख पटवून, तेच जंतू पसरून वर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवलेली दुसरी बशी 35 अंश सेल्सिअसला 16 ते 18 तास ठेवतात आणि प्रत्येक चकतीभोवतीचे जंतुविरहित वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून कोणते औषध लागू पडेल ते ठरवतात. ही घाई करता येत नाही.

खरी गफलत नमुना घेतानाच होते. गेल्या हंगामात खानापूरकडच्या एका ऊसतोड मामांच्या नडगीवर हळदीचा जाड थर होता, आणि वरवरचा बोळा तसाच फिरवून पाठवला असता तर केवळ त्वचेवरचे जंतू हाती आले असते. जखम सलाईनने धुऊन तळातून नमुना घ्यावा, शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीपूर्वी. मामा दुकानातून आणलेल्या गोळ्या आधीच दोन दिवस खात होते, हे वेगळेच! रुग्ण गंभीर असेल तर मात्र नमुना घेताच डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर ते बदलतात. लाली, सूज, पू यांपैकी काहीच नसलेली जखम तपासायला पाठवू नये, कारण जंतू उघड्या जखमेत असतातच.