बंद खाणीत 'बोगदे' शोधायला निघालेल्यांसाठी

चिरेखण (धागा सुरू करणारा)

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. शीर्षक 'गोव्यातल्या बंद खाणींच्या बोगद्यांत उतरा', सोबत एका बंद प्लांटमधल्या काळोख्या भुयाराचं छायाचित्र, आणि सल्ला असा: हेल्मेट, मोबाइलचा टॉर्च आणि दोर घ्या, आत जुनं सामान मिळालं तर आठवण म्हणून घेऊन या. खाली 'कधी जायचं?' विचारणाऱ्यांची रांग. म्हणून हे लांबलचक उत्तर.

मुळात कसले बोगदे? डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, सगळीकडचं लोखंड उघड्या खाणीतलं. वर जांभा, त्याखाली ढेकळी खनिज, मग खनिजाचा भुगा, आणि बाजूला गुलाबी माती. डोंगर वरून कापत जायचं, खंदक खोल होत जातो, एवढंच. हरवळ्याची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत म्हणून जांभ्यात दिसलेलं प्रत्येक भोक खाणीचं होत नाही. भूमिगत खाण बघायची हौस असेल तर कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींचं नाव घ्या. तिथली चॅम्पियन रीफ ३ किलोमीटरहून खोल. पण तीही २००१ मध्ये बंद झाली, उपसा थांबला आणि खालचे मजले पाण्यात गेले.

छायाचित्रातलं भुयार म्हणजे स्टॉकपाइलखालचा कन्व्हेयरचा बोगदा. वर खनिजाचा ढीग, खाली हॉपर (माल गोळा करणारं मोठं नसराळं), हॉपरच्या तोंडाला फीडर (माल थोडा थोडा खाली सोडणारं यंत्र), त्याखाली पट्टा. प्लांट बंद पडला तेव्हा हॉपरातला माल तसाच राहिला. पावसात भिजलेला भुगा हॉपरात कमान धरतो: वरून भरलेला दिसतो, खालून पोकळ. फीडरचा पत्रा गंजून पातळ झालेला असतो. त्याला हात लावला, दोर बांधला, नुसती लाथ लागली तरी कमान सुटते आणि ओला माल एका दमात खाली येतो. लोखंडाचं खनिज आहे ते, घनमीटरला दोन टनांहून जड. त्यातून माणूस ओढून काढता येत नाही.

गंजपट्टी

चिरेखणबाब, बोगद्याचं म्हणणं बरोबर, बाकी सूर नेहमीचाच, 'जाऊ नका'. मग नोंद कोण करणार? १९०६ च्या पोर्तुगीज हुकमाखाली दिलेली कन्सेशनं (खाणकामाचे हक्क), १९८७ च्या कायद्याने त्यांची झालेली लीजं (खाणपट्टे), २०१२ ची खाणबंदी, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली ८८ लीजं, या सगळ्यावर कागद ढीगभर आहे. यंत्रांवर काय आहे? खनिज चाळणारा स्क्रीनिंग प्लांट, ते धुणारा लॉग वॉशर, बारीक कण वेगळे करणारी हायड्रोसायक्लोनची रांग, वजनकाट्याची खोली, जेटीवरची माल ओतायची चूट. डिसेंबर २०२२ पासून खाणींचे लिलाव सुरू झाले. नवा लीजधारक जुनं लोखंड सांभाळून ठेवणार नाही, गॅस कटर लावणार. 'जाऊ नका' म्हणणाऱ्यांनी आजवर एक तरी प्लांट फूटपट्टी लावून मोजला का?

आणि आतल्या कोंडलेल्या हवेची भीती वाटत असेल तर चार वायूंचं मीटर भाड्याने मिळतं. कमरेला लावा, वाजलं की बाहेर या.

बेंच-नंबर-७

'वाजलं की बाहेर या' हे वाक्य आधी मागे घ्या.

चार वायूंचं नेहमीचं मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतं. कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. आता हिशेब करा. चांगल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. बंदिस्त जागेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर ऑक्सिजन उरतो २०.९ च्या ९५ टक्के, म्हणजे १९.८ च्या वर. मीटरची सूचना १९.५ ला. म्हणजे मीटर गप्प, आणि माणूस धापा टाकतोय, डोकं ठणकतंय, पाय जड झालेत. ४ टक्क्यांनाच ती हवा जिवाला तात्काळ धोक्याची मानतात. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे संपमध्ये (पाणी गोळा होणाऱ्या तळखड्ड्यात), खालच्या पायरीशी साचतो. उभ्याने ठीक वाटतं, वाकून काही उचलायला गेलं की संपलं. त्यासाठी वेगळा इन्फ्रारेड सेन्सर लागतो. मीटर आत शिरण्याआधी बाहेरच्या हवेत शून्यावर आणायचं, नमुना-वायू देऊन ते वाजतं का बघायचं, आणि नळी लावून आधी खालची हवा ओढायची. कमरेला लटकवलेलं मीटर कमरेची हवा सांगतं.

यापेक्षा वाईट जागा पोस्टवाल्याला सुचली नाही हे नशीब: नदीकाठी पडलेल्या खनिजवाहू बार्जच्या बंद टाक्या. गंजणारं पोलाद हवेतला ऑक्सिजनच खातं. मॅनहोल कित्येक पावसाळे बंद असेल तर आत ऑक्सिजन १० टक्क्यांच्याही खाली गेलेला असू शकतो. वास नाही, धूर नाही. पहिला शिडीवरून कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

गंजपट्टी

मागे घेतलं. समाधान? बार्जमध्ये शिरायला कुणी सांगितलंच नव्हतं.

काटापावती

'आठवण म्हणून घेऊन या' यावर कुणीच बोललं नाही. भुगा बुलडोझरने खरवडून निघायचा, पण वरचा कडक जांभा फोडायला सुरुंग लागायचेच. जुन्या बेंचच्या (खाणीत कापलेल्या पायरीच्या) चिरेत, मॅगझिनच्या (स्फोटकांच्या कोठाराच्या) मागे, मातीत रुतलेली बोटाएवढी अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि तिला दोन रंगीत वायरी दिसल्या तर तो डिटोनेटर. जुना झाला म्हणजे निकामी झाला असं नाही. टॉर्चच्या सेलचा प्रवाहही त्याला पुरतो. वायरी ओढायच्या नाहीत, उलगडायच्या नाहीत, खिशात तर नाहीच. दुरून फोटो, जागेची खूण, आणि पोलिसांना फोन. स्फोटकाच्या जुन्या कांडीतून तेलकट घाम सुटलेला दिसला तर फोटोही नको, आल्या पावली मागे फिरा.

वायंगण

सगळे गंजक्या लोखंडावर रडताय. खंदकात कोट्यवधी लिटर पाणी साठलंय त्याचं काय? खाण चालू होती तेव्हा रात्रंदिवस पंप लावून पाणी नाल्यात सोडलं, गाळाने पोय (शेतातल्या पाण्याच्या वाटा) बुजल्या, शेतं लाल झाली. आता खाण बंद, तर तेच पाणी कुणाला नको! फेब्रुवारीत शेत तडकतं आणि वर टेकडीवर निळंशार तळं. ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पासाठी खांडेपार नदीत खंदकाचं पाणी सोडता येतं, आमच्या पाटात नाही?

बेंच-नंबर-७

विषय खाणीत शिरण्याचा आहे. असो, 'निळंशार' या शब्दामुळेच मुलं पोहायला उतरतात, म्हणून लिहितो. तो रंग स्वच्छतेची खूण नव्हे. काठ उथळ नसतो, बेंच संपला की एकदम खोल. गुलाबी माती भिजली की साबण. बाहेर यायला पकड मिळत नाही.

वायंगण

पोहायचं नाही हो, पंप लावायचा आहे! ५ हेक्टरचा खंदक २ मीटर उतरवला तर १ लाख घनमीटर पाणी. उन्हाळी भाताला हेक्टरी १२ ते १५ हजार घनमीटर धरा, ७ हेक्टर वायंगण (तेच उन्हाळी भात) निघतं. कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) तर याहून कमी लागतं. हिशेब आम्हालाही येतो.

जांभळी-माती

हिशेब अर्धाच केलात. खंदक म्हणजे टाकी नव्हे. भूजलाच्या पातळीखाली खणलंय, म्हणजे ते पाणी आजूबाजूच्या विहिरींचंच आहे. तुम्ही २ मीटर उतरवलं की भोवतालची पातळी खंदकाकडे कलते. शिरगावच्या विहिरी आणि झरी खाणीच्या उपशाने कशा आटल्या ते विसरलात? खाण थांबल्यावर जे पाणी परत चढलं तेच तुम्ही पुन्हा ओढणार.

दुसरं, पंप किती खोल टाकणार? खोल खंदकात तळाच्या पाण्याला हवा लागत नाही. तिथे लोह आणि मँगनीज विरघळतात. ते पाणी वर येताना स्वच्छ दिसतं, हवा लागली की तासाभरात तपकिरी, मग काळपट. पिण्याच्या पाण्यात मँगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर ०.३. नमुना वरच्या हाताभर पाण्यातून घेतला तर अहवाल छानच येणार.

वायंगण

झालं! पाणी मागितलं की मँगनीज आठवतं. खाण चालू असताना हेच पाणी नाल्यात जात होतं तेव्हा हे अहवाल कुठल्या कपाटात होते? भात मी पिणार नाही, पिकवणार आहे. आमच्या वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे की त्या पाण्याने पीक येतं.

जांभळी-माती

'सगळ्यांना ठाऊक' हा नमुना प्रयोगशाळा घेत नाही. आणि मी खाणवाल्यांचा वकील नाही, पुन्हा तो शेरा मारू नका.

वायंगण

मारलाच नाही अजून. टोपी स्वतःच घालून घेतलीत.

चिरेखण

दोघांनी थोडं थांबा. पंप लावायचाच असेल तर तरंगत्या तराफ्यावर लावा, फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) पृष्ठभागाखाली दोन-तीन मीटरच्या पुढे नको. म्हणजे वरचं हवा लागलेलं पाणी मिळतं. पातळी सावकाश उतरवा. हे खंदकात शिरणाऱ्यांनीही वाचावं: पाणी झपाट्याने उतरलं की भिंतीला बाहेरून मिळणारा आधार जातो, पण मातीच्या पोटातलं पाणी तेवढ्या वेगाने निघत नाही. भिंत आतून फुगलेली, बाहेरून मोकळी. वर जांभ्याचा कडक कठडा असतो, खालची माती धुपून तो अधांतरी राहतो आणि काठाला समांतर चीर पडते. चीर दिसली तर तिच्या मागे राहा, ओलांडून फोटो नको. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कोसळतं, तसंच एप्रिलच्या उपशातही. विहिरींवर आधी पट्टी लावून महिनाभर पातळी लिहा, मग पंप.

वायंगण

तराफा मान्य. महिनाभर पट्टी कोण वाचणार, सरकारी खातं? महिन्यात पीक वाळतं.

जांभळी-माती

मग जानेवारीत सुरू करा, मार्चमध्ये नको. आणि पट्टी तुम्हीच वाचा, नाहीतर नंतर म्हणाल आकडे खोटे.

काटापावती

मूळ पोस्टवाल्यासाठी एक राहिलं. टेलिंग पाँड, म्हणजे खनिज धुतल्यावर उरलेल्या गाळाचं तळं, दिसायला सुकलेलं मैदान. वरचा पापुद्रा माणूस पेलतो असं वाटतं, खाली लापशी. मधोमध कमरेपर्यंत गेलात तर दोराचं दुसरं टोक बांधायला झाडही नसतं. सांगे-केपेकडे मँगनीजच्या जुन्या खड्ड्यांवर रान चढलेलं असतं, ते आणखी वेगळं.

गंजपट्टी

बरं, आता कामाचं. खाण खातं आणि लीजधारक, दोघांची लेखी परवानगी. पावसाळा संपून जमीन सुकल्यावर, म्हणजे डिसेंबरनंतर. छपराखाली, हॉपरखाली, टाकीत, भुयारात कुणी शिरायचं नाही. बाहेरूनच. प्रत्येक यंत्राच्या नेमप्लेटचा फोटो आधी घ्यायचा, कारण भंगारवाला ती पहिली उपटतो. मग शेजारी एक मीटर लांबीची मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी, प्रत्येक फोटो आधीच्यावर तीन चतुर्थांश चढेल असे. त्यातून संगणकावर मोजमापासह प्रतिकृती उभी राहते. काट्याच्या खोलीत पावत्यांचे गठ्ठे असतील तर हलवायचे नाहीत, जागेवरच पानं टिपायची. आता तरी 'जाऊ नका' म्हणणार का?

बेंच-नंबर-७

परवानगीचं पत्र आधी दाखवा, मग बोलू. आणि मीटर मी सांगितलंय तेच आणा, भाड्याचं नको.

वायंगण

लोखंडाला पत्र, पाण्याला पट्टी. तराफ्याचे पिंप कुणाकडे आहेत तेवढं सांगा, आमच्याकडे दोनच आहेत आणि ते गळतात.