टास्कबार गायब झाला तर आधी हे करून पाहा

टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या खालची आयकॉनची पट्टी, मध्येच गायब होतो म्हणून थेट विंडोज नव्याने टाकायची घाई करू नका. बहुतेक वेळा फक्त एक्सप्लोरर, म्हणजे टास्कबार आणि डेस्कटॉप दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, अडकलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधून राइट क्लिक करा आणि रीस्टार्ट निवडा. पडदा क्षणभर रिकामा होतो, मग आयकॉन परत येतात. उघडी कागदपत्रं सहसा तशीच राहतात, तरी आधी सेव्ह केलेलं बरं. फोल्डरच्या उघड्या खिडक्या मात्र बंद होतात. एक्सप्लोरर यादीतच नसेल तर तिथूनच नवीन टास्क चालू करून 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' इंग्रजीत टाइप करा. आणि स्क्रीनच काळी पडली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो.