मदत हवी आहे: ताशी 50 च्या पुढे घरघर, चाकाचे बेअरिंग की गिअरबॉक्स?

नमस्कार. माझी गाडी 2012 सालची, पेट्रोलवर चालणारी, फ्रंट व्हील ड्राइव्ह असलेली छोटी हॅचबॅक आहे. 2025 च्या दिवाळीनंतर मी ती मांजरा नदीकाठच्या एका गावातील मालकाकडून थेट घेतली, तेव्हा मीटरवर 94 हजार किलोमीटर झालेले होते. महिन्यातून दोनदा वडिलांना तपासणीसाठी अंबाजोगाईहून लातूरला न्यावे लागते आणि गाडी घेतली ती मुख्यतः त्यासाठीच, त्यामुळे हे दुखणे अंगावर काढण्याची माझी तयारी नाही.

वेग ताशी 50 च्या आसपास गेला की पुढच्या बाजूने, लांब कुठे तरी पिठाची गिरणी चालू असावी तशी घरघर सुरू होते. वेगाबरोबर तिचा सूर चढत जातो आणि 80 ला तर काचा बंद असूनही शेजारी बसलेल्या वडिलांशी मोठ्याने बोलावे लागते. गतिरोधकावर ठकठक होत नाही आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली तरी कटकट ऐकू येत नाही, म्हणून लिंक रॉड, लोअर आर्म किंवा अ‍ॅक्सलचा जॉइंट यांवर माझा संशय नाही. टायर झिजल्यामुळे असा आवाज येतो असे ऐकले होते. पुढचे टायर मागे व मागचे पुढे करून पाहिले, पण आवाज जागचा हलला नाही.

बर्दापूरच्या पुढे रस्ता मोकळा असताना 70 च्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहिली. इंजिनचा आवाज खाली बसला, घरघर मात्र तशीच राहिली आणि वेग उतरेल तशी तीही उतरत गेली. म्हणजे इंजिनाचा दोष नाही, एवढे नक्की. लांब वळणांवर आणखी एक गोष्ट लक्षात आली: रस्ता डावीकडे वळला की आवाज वाढतो आणि उजवीकडे वळला की जवळजवळ नाहीसा होतो. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो, हे धरले तर बोट पुढच्या उजव्या चाकाच्या बेअरिंगकडे जाते.

अडचण इथूनच सुरू होते. पहिल्या मिस्त्रींनी वळणावरची गोष्ट ऐकून बेअरिंगच सांगितले. दुसऱ्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवले आणि प्ले (चाकाचा ढिलेपणा) अजिबात नाही, म्हणजे बेअरिंग चांगले आहे, असा निर्वाळा दिला. न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर गिअरबॉक्समधले डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) फिरतच असते, तेव्हा गिअरबॉक्स उतरवून आतली बेअरिंग पाहावी लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही. पण खर्च बारा हजारांच्या घरात सांगितला आहे आणि एवढी उलथापालथ अंदाजावर करावी, हे मनाला पटत नाही.

म्हणून रविवारी घरी पुन्हा तपासणी केली. मागच्या चाकांना विटा लावल्या, चेसीखाली आधार दिला, पुढचे उजवे चाक उचलले आणि एका हाताने शॉकअपची स्प्रिंग धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवले. जात्यात बारीक खडा अडकला की खुंट्याला हात लावताच जी खरखर बोटांना कळते, तशीच ती स्प्रिंगमध्ये कळली. डाव्या बाजूला हेच केले तेव्हा हाताला काही लागले नाही.

त्याच दिवशी डिकीतील स्टेपनी काढली, तर तिच्याखालच्या खोबणीत काळ्या मातीचा वाळलेला, भेगाळलेला थर निघाला. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ही गाडी पाण्यात उभी राहिली असावी, अशी शंका मला तेव्हापासून येते. विकणाऱ्याने तसे काही सांगितले नव्हते आणि मीही स्टेपनी उचलून पाहिली नाही, याचे वाईट वाटते. सीलमधून पाणी शिरून ग्रीस गेले असेल तर बेअरिंग खराब होणे समजते. पण पाणी गिअरबॉक्समध्येही गेले असू शकते, म्हणून दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे मला पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाही.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. चाकाला प्ले नसताना बेअरिंग असा आवाज करते का, आणि स्प्रिंगला हात लावून जाणवलेली खरखर कितपत खात्रीची मानावी? गिअरबॉक्स न उतरवता, खालच्या बोल्टमधून थोडे ऑइल काढून ते दुधाळ झाले आहे का एवढे पाहिले तर पाण्याचा प्रश्न निकालात निघेल का? बेअरिंगच बदलायचे ठरले तर एकच बदलावे की दोन्ही? हातोडीने ठोकून बसवले की नवे बेअरिंगही लवकर जाते, असे पहिल्या मिस्त्रींनी सांगितले, म्हणून लातूर किंवा अंबाजोगाईत प्रेसवर बेअरिंग बसवून देणारे गॅरेज कोणाच्या अनुभवाचे असल्यास कृपया कळवावे.

पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे. तोवर उलगडा झाला नाही तर वडिलांना एसटीनेच नेईन.