प्रतिसाद: पायऱ्या किती, यापेक्षा अधिकार कुठे

वरच्या प्रतिसादात कंपनीतील पदांच्या पायऱ्या कमी केल्या की निर्णय आपोआप लवकर होतात, असे म्हटले आहे. ते मला अर्धेच पटते. जनरल मोटर्स या अमेरिकन मोटार कंपनीचेच उदाहरण घेऊ. विल्यम ड्युरंट यांनी एकामागून एक कंपन्या विकत घेऊन हा समूह उभा केला, पण प्रत्येक विभाग आपल्या मर्जीने कच्चा माल भरत राहिला आणि 1920 च्या मंदीत गोदामे तुंबून समूह अडचणीत आला. 1923 मध्ये अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी विभाग मोडले नाहीत. शेवरोले, ब्यूक, कॅडिलॅक यांचे प्रमुख आपापले उत्पादन आणि विक्री सांभाळत राहिले, मात्र भांडवल कुठे गुंतवायचे आणि गुंतवणुकीवर परतावा किती मिळाला, हे मुख्यालयातील समित्या पाहू लागल्या. पायऱ्या राहिल्या, फक्त कोणत्या पायरीवर काय ठरवायचे हे स्पष्ट झाले.

मी पूर्वी एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. तिथे कामगार आणि संचालक यांच्यात जेमतेम तीन पदे होती, तरी अठराशे रुपयांच्या बेअरिंगसाठी संचालकांचीच सही लागे. ते परगावी असले की मशीन दोन-दोन दिवस बंद राही, आणि शिफ्टचा सुपरवायझर, ज्याला बिघाड आवाजावरून कळत असे, तो मागणीपत्र हातात घेऊन केबिनबाहेर उभा असे. त्याला पाच हजारांपर्यंत खर्चाची मुभा दिली असती, तर एकही पद न काढता हे थांबले असते.