शेजाऱ्यांच्या भांडणात मध्यस्थ व्यावसायिकच असावा का?

तिसरी खुर्ची (धागाकर्ता)

सामुदायिक मध्यस्थी करू इच्छिणाऱ्यांना ठरावीक तासांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि नोंदणी सक्तीची करावी, तसेच या कामाला रीतसर शुल्क असावे, असा आग्रह अलीकडे वाढला आहे. मी गेली अकरा वर्षे हे काम विनामोबदला करतो आहे आणि या आग्रहाला माझा विरोध आहे. व्यापारी दावे किंवा कंपन्यांमधले करार यांविषयी मी बोलत नाही. तिथे कायद्याची जाण असलेला पूर्णवेळ मध्यस्थच हवा. माझा प्रश्न एकाच जिन्याने ये-जा करणाऱ्या आणि उद्याही एकमेकांना तोंड दाखवावे लागणाऱ्या माणसांच्या तंट्यांपुरता आहे.

सान फ्रान्सिस्कोमध्ये १९७६ साली ‘कम्युनिटी बोर्ड्स’ सुरू झाले, तेव्हा त्यामागची कल्पनाच अशी होती की वस्तीतल्याच प्रशिक्षित रहिवाशांनी वस्तीतल्या तक्रारी ऐकाव्यात. पुढच्याच वर्षी नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी, भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि वकील व तज्ज्ञ ती त्यांच्या हातून काढून घेतात, असा युक्तिवाद केला. त्या विचाराच्या प्रभावातून नॉर्वेत १९८१ मध्ये लियर या नगरपालिकेत पहिला प्रयोग झाला आणि १९९१ मध्ये कायदा आला. तिथले मध्यस्थ आजही सामान्य नागरिक असतात. तज्ज्ञांनी बळकावलेले भांडण लोकांना परत देण्यासाठी जी पद्धत उभी राहिली, तिच्याच दारात आपण नव्या तज्ज्ञाला बसवायला निघालो आहोत.

एक प्रसंग सांगतो. वरच्या मजल्यावरच्या बाई पहाटे साडेपाचला व्यायामाचे यंत्र चालवत आणि खालचे गृहस्थ रात्रपाळी करून त्याच सुमारास झोपत. दीड तास नुसती वेळांची ओढाताण चालली होती. शेवटी मी विचारले, ‘या विषयावर तुम्ही पहिल्यांदा एकमेकांशी कधी बोललात?’ बाईंनी पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या दाराला चिकटवलेली ती चिठ्ठी होती. त्यांनी ती मला न देता समोरच्या गृहस्थांपुढे सरकवली. ते स्वतःचेच अक्षर बराच वेळ वाचत राहिले आणि मग हळूच म्हणाले, ‘हे मी असं लिहिलं होतं?’ त्यानंतर यंत्राखाली रबरी चटई आणि सकाळी आठनंतरची वेळ ठरायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. हे कोणत्या अभ्यासक्रमात शिकवणार?

नियमावली

आपला प्रसंग हृद्य आहे, पण तो आपल्याच बाजूवर उलटतो. दीड तास थांबणे, नेमका प्रश्न योग्य वेळी विचारणे आणि चिठ्ठी आपल्या हातात न घेता ती त्या दोघांमध्येच राहू देणे, हे सामान्य शेजाऱ्याचे वागणे नव्हे. ‘मी सांगतो, मिटवून टाका’ म्हणणारा वडीलधारा आणि आपण यांच्यात जो फरक आहे त्यालाच कौशल्य म्हणतात आणि कौशल्य शिकवता येते. अनेक ठिकाणी ४० तासांचे मूलभूत प्रशिक्षण हा रूढ मापदंड आहे, त्यात उघडा प्रश्न कसा विचारावा आणि शांतता कशी सहन करावी याचाच सराव असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. आपण ज्यांना ‘समाजातलेच’ म्हणता ते अनेकदा समाजातले वजनदार लोक असतात. त्यांच्यासमोर दुबळा पक्षकार ‘नाही’ म्हणू शकत नाही आणि त्या मौनाची नोंद संमती म्हणून होते. घटस्फोट व मुलांच्या ताब्याच्या वादांतील सक्तीच्या मध्यस्थीवर अमेरिकी कायदेअभ्यासक ट्रिना ग्रिलो यांनी १९९१ साली जी टीका केली, तिचा गाभा हाच होता : झाल्या गोष्टी काढू नका, राग दाखवू नका, दोष देऊ नका, अशा वरवर समंजस नियमांची झळ बहुधा सोसणाऱ्या पक्षालाच लागते. युरोप परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल करारातील ४८ व्या कलमाने महिलांवरील हिंसेच्या प्रकरणांत सक्तीच्या मध्यस्थीला मनाई केली, ती याच अनुभवातून. ‘नवरा-बायकोत जरा वाद आहे’ असे सांगून आलेल्या प्रकरणात मारहाण आहे का, हे ओळखायला दोघांशी स्वतंत्र बैठकीत काय आणि कसे विचारायचे, हे चांगुलपणाने सुचत नाही. ते शिकावे लागते.

आणि एक गोष्ट मला बोलायला जड जाते, पण सांगायलाच हवी. बंद खोलीत घडलेला प्रसंग आपण आत्ताच आम्हा सर्वांना सांगितलात.

तिसरी खुर्ची

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लागला. दोन्ही पक्षकारांची परवानगी मी तेव्हाच घेतली होती आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. व्यायामाचे यंत्र हा त्यांतलाच एक बदल आहे.

ग्रिलो यांची टीका मला मान्य आहे, पण ती माझ्या बाजूची साक्ष आहे असे मी म्हणेन. त्यांचा रोख होता तो न्यायव्यवस्थेने सक्तीने चालवलेल्या मध्यस्थीवर; हौशी शेजाऱ्यांवर नव्हे. ‘झाल्या गोष्टी काढू नका’ हा नियम मी पाळला असता, तर ती चिठ्ठी पर्समध्येच राहिली असती. हिंसेच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे निर्विवाद आहे. शंका येताच थांबणे आणि प्रकरण योग्य यंत्रणेकडे पाठवणे, एवढे तरी प्रत्येक स्वयंसेवकाला प्रशिक्षणात शिकवलेच पाहिजे. मी प्रशिक्षणाविरुद्ध नाही, कुंपणाविरुद्ध आहे.

हिशेबी

प्रशिक्षण, प्रमाणपत्र यांवर एवढे लिहिले गेले, पैशांबद्दल कोणीच बोलत नाही. विनामोबदला काम कोणाला परवडते? निवृत्तांना आणि सुखवस्तूंना. त्यामुळे मध्यस्थांच्या यादीत वस्तीचे प्रतिबिंब कधीच पडत नाही. पक्षकारांकडून शुल्क घेतले तर गरीब पक्षकार येणार नाही, हे खरे आहे, पण त्यावर उत्तर सार्वजनिक निधीतून मानधन देणे हे आहे. मानधन घेतल्याने माणूस बाजारू होतो, हा समज सेवाभावाचा टिळा लावणाऱ्यांनी पसरवलेला आहे.

कलमदान

चर्चेत कायद्याचा उल्लेख व्हावा म्हणून लिहितो. भारताच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. परिसरातील रहिवाशांमध्ये किंवा कुटुंबांमध्ये शांतता व सलोखा बिघडवू शकेल असा वाद, सर्व पक्षांच्या संमतीने, तीन मध्यस्थांच्या पॅनेलपुढे नेता येतो. गंमत पुढे आहे. अशा मध्यस्थीतून झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येत नाही, जे एरवीच्या मध्यस्थीतील समझोत्याला लागू होते. म्हणजे कायद्यानेच या कामाला हात दिला आणि पाय काढून घेतला. ज्या कागदाला अंमलबजावणीचे बळ नाही तो कागद तयार करणाऱ्यावर नोंदणीची सक्ती कशासाठी, असे धागाकर्ते विचारू शकतील.

नियमावली

बळ नाही म्हणूनच कसब जास्त लागते. हुकूमनाम्यामागे जप्तीचा धाक असतो. इथे समझोता टिकतो तो फक्त शब्दांच्या नेमकेपणावर. ‘दोन्ही पक्ष सामंजस्याने वागतील’ असे लिहिलेले कागद मी पाहिले आहेत आणि महिन्याभरात तेच दोन पक्ष पुन्हा दारात उभे राहिलेलेही पाहिले आहेत. कोण, काय, कोणत्या वेळेपर्यंत करील आणि अडले तर पहिला निरोप कोणी कोणाला द्यायचा, हे लिहिण्याचा सराव लागतो. तीन मध्यस्थांचे पॅनेल मात्र मला आवडते, कारण एकाचा कल दुसऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

तिसरी खुर्ची

समझोत्याच्या भाषेबद्दल सहमत. माझ्या पहिल्या दोन वर्षांतले कागद आज वाचले की मलाच संकोच होतो.

गोपनीयतेच्या मुद्द्यावर मात्र काल रात्री पुन्हा विचार केला. परवानगी घेतली होती हे मी सांगितले, पण ते तपासायला तुम्हाला काहीच साधन नाही, आणि खरे सांगायचे तर त्या पक्षकारांनाही नव्हते. मी त्यांचा विश्वासघात केला असता, तर त्यांनी तक्रार कोणाकडे करायची होती? मी ज्या गटात काम करतो तिथे अशी व्यवस्था अकरा वर्षांत कधी उभी राहिली नाही आणि तिची आठवणही कोणाला झाली नाही, कारण आम्ही सगळे भले लोक होतो. प्रवेशाच्या दारावर प्रमाणपत्र मागण्यास माझा विरोध कायम आहे. पण प्रत्येक प्रकरणात दोन मध्यस्थ असावेत, महिन्यातून एकदा नावे वगळून आपल्या प्रकरणांची अनुभवी सहकाऱ्यांपुढे उलटतपासणी व्हावी, आणि पहिल्याच बैठकीत पक्षकारांच्या हाती गटाबाहेरच्या एका तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचा संपर्क द्यावा, एवढे मी आमच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

हिशेबी

ती गटाबाहेरची व्यक्तीही विनामोबदलाच असणार का?

तिसरी खुर्ची

नाही. तिला मानधन द्यावे लागेल. तुमचा मुद्दा तिथे मान्य करतो, बाकीच्यांवर भांडू.