चमकणाऱ्या तारांवर जाऊ नका
शिडाच्या बोटीची डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांबद्दल एकाने विचारलंय, 'तारा चकचकीत आहेत, मग बदलायच्या कशाला?' अहो, स्टेनलेसला गंज धरतो तो हवा न पोचणाऱ्या फटीत. डोलकाठीच्या तारेचं खालचं टोक बघा, जिथे ती दाबून बसवलेल्या नळीत शिरते. खारं पाणी तिथेच मुरतं. नळीवर केसाएवढी उभी चीर दिसली की ती तार बाद. तारेवरून कापसाचा बोळा फिरवा, कापूस अडकला तर तिथे पदर तुटलाय. (नुसता हात नको, मी बोट फाडून घेतलंय.) आमच्याकडे डेकमधून जाणारी चेनप्लेट (तार बोटीला जिथे जोडतात ती धातूची पट्टी) वरून ठणठणीत होती, काढली तर खड्डेच खड्डे! गेटवेसमोरून पावसाळ्यासाठी बोट पाण्याबाहेर काढाल, तेव्हाच डोलकाठी उतरवा. तारांना 10-15 वर्षं झाली असतील तर मी सगळ्याच बदलेन.