मदत हवी आहे: मॉडेल चार क्लासचं, टूल मात्र डोंगराएवढं

मंडळी, आम्ही तिघं पंचगंगेकाठच्या गावांचा पूरनकाशा करतोय. 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून झाल्यात. आता डेटा आयएसओ 19109 (भौगोलिक डेटाची रचना कशी मांडायची याचं मानक) प्रमाणे मॉडेल करून जीएमएलमध्ये, म्हणजे नकाशा-डेटाच्या एक्सएमएल रूपात, द्यायचाय. त्यासाठी आधी यूएमएल आकृती (कोणत्या वस्तू, त्यांचे गुणधर्म काय हे दाखवणारी), मग शेपचेंज या टूलनं त्यावरून स्कीमा, म्हणजे फाइलच्या रचनेचे नियम. आमचे क्लास, म्हणजे वस्तूंचे प्रकार, चारच: खूण, घर, रस्ता, पूररेषा. तेवढ्यासाठी शेपचेंजची एक्सएमएल कॉन्फिग फाइल जुळवताना दोन रविवार गेले राव! वर पहिल्याच जीएमएलमध्ये अक्षांश-रेखांश उलटे पडले आणि अख्खी प्रयाग चिखली नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. (ईपीएसजी 4326 या निर्देशांक पद्धतीत अक्षांश आधी, हे तेव्हा कळलं.)

क्लास, गुणधर्म, कोडलिस्ट (ठरावीक पर्यायांच्या याद्या) साध्या एक्सेल तक्त्यात लिहून त्यावरून स्कीमा काढणारं काही कुणी वापरलंय का? की सरळ जिओपॅकेज या नकाशा-डेटाच्या फाइलमध्ये टेबलं करून हेल स्टुडिओ या रूपांतराच्या टूलमध्ये मॅपिंग (कुठला रकाना कुठे जातो ते जोडणं) करावं? पण त्यालाही समोर जीएमएल स्कीमा लागतोच, तिथंच गाडी अडते. फुकटचं आणि लिनक्सवर चालणारं हवं. कोल्हापुरात कुणी शेजारी बसून दाखवणार असेल, तर मिसळ आमच्याकडून.